गव्हाळ

शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर नोटरींची टेबलं लागतात, त्यांच्या मागे एका टायपिंगच्या दुकानात वीस-बावीस वर्षं माझी बैठक होती. मराठी कागद घ्यायचा, इंग्रजी करून द्यायचा, खाली शिक्का मारायचा. शाळा सोडल्याचे दाखले, फेरफार, वारसनोंदी, व्हिसासाठी लागणाऱ्या लग्नपत्रिका, पंचनामे. आणि अधूनमधून पोलिसांकडची ‘मनुष्य मिसिंग’ची खबर.

त्या खबरीतलं वर्णन ठरलेलं असायचं. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, उंची अमुक, नेसणीस तमुक, पायात चप्पल. माणूस बदलायचा, वर्णन फारसं बदलायचं नाही. इतकं की मी कॉम्प्युटरवर एक साचाच करून ठेवला होता. ‘व्हीटिश कॉम्प्लेक्शन, ऑफ मीडियम बिल्ड, राउंड फेस.’ उंची आणि कपडे तेवढे नव्याने टाकायचे.

त्या साच्याचा मला अभिमान होता, कारण त्यात ‘बिल्ड’ होतं. आपल्याकडे पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे ‘मीडियम बिल्ट’ लिहितात. ‘वेल बिल्ट’ चालतं म्हणून ‘मीडियम बिल्ट’ही चालत असेल असा समज. पण चालत नाही. ‘चांगला बांधलेला’ म्हणता येतं, ‘मध्यम बांधलेला’ म्हटलं की ते घराविषयी वाटतं. तिथे बांधा या अर्थाचं नाम हवं, म्हणून शेवटी ट नाही, ड. दुकानात कामाला आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी हे सांगितलं असेल. तसंच ‘सेव्हंटी इयर्स ओल्ड मॅन’मधला स. माणसाच्या आधी वय आलं की ‘इयर’ एकवचनी आणि मध्ये दोन आडव्या रेघा. माणसाच्या मागून आलं तर ‘इयर्स’. या ट-ड आणि स-वर माझी कोर्टाच्या आवारात थोडी कीर्ती होती.

‘व्हीटिश’बद्दल मात्र मी कधी विचार केला नव्हता. गव्हाळ म्हणजे गव्हासारखा, आणि गहू म्हणजे व्हीट. त्यात चुकण्यासारखं काय आहे?

खरं तर विचार करायला कारण होतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या माहितीपत्रकात आईने ‘वर्ण गव्हाळ’ लिहिलं होतं. मी सावळी आहे. आईला म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, “खोटं कसं? निमगोरी लिहिलं असतं तर खोटं.” मराठीत ही शिडी आहे. वर लख्ख गोरा, मग गोरा, मग निमगोरा, मग गव्हाळ, मग सावळा, मग काळासावळा, आणि सगळ्यात खाली जे कोणी लिहीत नाही ते. मुलगी दाखवताना प्रत्येक आई आपल्या मुलीला एक पायरी वर चढवते आणि पाहायला येणारे मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवतात. हिशेब बरोबर जुळतो. पुढे 2020 साली लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ गेला, तेव्हा मला आधी आईची ती शिडी आठवली. असो.

2019च्या नोव्हेंबरच्या शेवटी, रात्री दहाच्या सुमारास फोन वाजला. इंग्लंडहून, लेस्टरहून. माझा धाकटा चुलतभाऊ तिथे असतो, संगणकात काम करतो. त्याने आई-वडिलांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर नेलं होतं.

“ताई, तात्या सापडत नाहीयेत.”

तात्या म्हणजे माझे काका, वडिलांच्या पाठचे. वय चौऱ्याहत्तर. वाई तालुक्यात आमचं गाव. तात्यांची विसरण्याची तक्रार दोन वर्षांपासून होती, पण घरात कोणी तिला आजार म्हणत नव्हतं. वय झालं, म्हणत होते. दुपारी काकी पोळ्या लाटत होत्या, नातू शाळेतून यायचा होता, सून कामावर. पावणेचारच्या सुमारास तात्या दार उघडून बाहेर पडले. तिथे नोव्हेंबरअखेर चार वाजता सूर्य मावळतो. भाऊ घरी धावत आला तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते, पाऊस भुरभुरत होता आणि बाहेर पाच-सहा डिग्री.

भावाने पोलिसांना फोन केला होता. त्यांनी वर्णन विचारलं तेव्हा त्याची तारांबळ उडाली. बापाचं वर्णन करायचं म्हणजे काय करायचं? वर्तमानपत्रात वाचलेलं होतं तेच त्याच्या तोंडून आलं. ‘व्हीटिश कॉम्प्लेक्शन, मीडियम बिल्ट.’

पलीकडच्या बाईंनी विचारलं, “ब्रिटिश?”

तो म्हणाला, नो नो, व्हीटिश. त्या म्हणाल्या, म्हणजे ते ब्रिटिश नागरिक आहेत का? तो म्हणाला, नाही, व्हिजिटर व्हिसावर आहेत. मग त्याने स्पेलिंग सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, हा केसांचा रंग आहे का?

हे सगळं मला सांगताना तो रडत होता आणि मधेच हसतही होता. “ताई, तू हे रोज करतेस ना. मला नीट लिहून दे. त्यांनी फोटो आणि वर्णन मेल करायला सांगितलंय, आणि मी इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर पण टाकतो.”

मी कॉम्प्युटर लावला आणि साचा उघडला. ‘व्हीटिश’ शब्दावर येऊन हात थांबला. शब्दकोशात पाहिलं. शब्द आहे, पण शेजारी खूण आहे की हा भारतातला इंग्रजी वापर. म्हणजे इतकी वर्षं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडला जाणाऱ्या कागदांवर शिक्का मारून मी जो शब्द पाठवत होते, तो फक्त आपल्यालाच कळणारा होता. तिकडच्या कोणा कारकुनाने ते वाचून काय चित्र मनात आणलं असेल? भावाने फोनवरच सांगितलं, “आमच्या वेबसाइटच्या रंगांत ‘व्हीट’ नावाचा एक रंग आहे. 245, 222, 179. तो जवळजवळ सायीच्या रंगाचा दिसतो गं.” त्या लोकांना गहू म्हटलं की कापणीला आलेलं पिवळंधमक शेत आठवतं, आणि त्यावरून सोनेरी केस. आपल्याला परातीतला दाणा आठवतो, किंवा तव्यावरची पोळी.

आणि दाणा तरी कुठला? हे तात्यांनीच मला एकदा विचारलं होतं. मी गावी गेले होते, एका खबरीचं काम सोबत होतं, ते ‘गव्हाळ’ वाचून तात्या म्हणाले होते, “कुठल्या गव्हागत? खपली का लोकवन?” आमच्याकडे कृष्णाकाठाला खपली पिकते, तिचा दाणा तांबूस. लोकवन पिवळसर, टपोरा. लोकवन हे नाव मला अस्सल मराठी वाटायचं, पण ते ‘लोक-1’, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. इंग्रजी ‘वन’चं आपण वन करून टाकलं. तात्यांना हेही माहीत होतं. ते शेतकरी थोडे आणि बिनपगारी कृषी अधिकारी जास्त होते.

मी ‘व्हीटिश’ खोडलं. ‘लाइट ब्राउन’ लिहिलं, मग ‘ब्राउन’. मग ‘एशियन’ लिहिलं, आणि तिथे पुन्हा अडखळले, कारण अमेरिकेत एशियन म्हटलं की लोकांना आधी चिनी-जपानी चेहरा दिसतो. भाऊ म्हणाला, इथे चालतं, इथे एशियन म्हणजे आपणच. नंतर त्याला कळलं की तिथले पोलीस आपसात बोलताना आकडेच वापरतात. आयसी-1 म्हणजे गोरा, उत्तर युरोपातल्यासारखा दिसणारा, आयसी-3 कृष्णवर्णीय, आयसी-4 भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडचा. निमगोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत आमची सगळी शिडी त्या चाराच्या आकड्यात मावते. माझ्या आईने तीस वर्षांपूर्वी ज्या एका पायरीसाठी एवढा आटापिटा केला, ती तिथे शिल्लकच नाही.

त्या घाईतही मी भावाच्या ‘बिल्ट’चं ‘बिल्ड’ केलं. ‘सेव्हंटी-फोर-इयर-ओल्ड’मधून स काढला. तिन्ही आडव्या रेघा नीट पडल्या का ते पाहिलं. आज मला त्याची लाज वाटते, पण खरं आहे ते सांगते. माणूस थंडीत हरवला होता आणि मी रेघा तपासत होते.

मग टोपी. तात्यांच्या डोक्यावर कायम गांधी टोपी. गांधींनी ती स्वतः वर्ष-दोन वर्षं वापरली असेल, आमच्याकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून उतरली नाही. आता इंग्रज शिपायाला गांधी टोपी कशी सांगायची? मी लिहिलं, पांढरी सुती टोपी, पुढे-मागे निमुळती, घडी घालता येणारी, सैनिकांच्या दुमडत्या टोपीसारखी. पाच मिनिटं त्यात गेली. मला वाटलं, रंग नाही तर नाही, टोपीवरून नक्की सापडतील.

मेल पाठवायच्या आधी मी भावाला वाचून दाखवत होते. मागून काकींचा आवाज आला. आत्तापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“तिला म्हणावं, हे लिही. ते कुणाला तरी वाईची गाडी विचारत असतील.”

भाऊ म्हणाला, “आई, ते वर्णन नाही.”

“अरे, तिन्हीसांज झाली की त्यांना घरी जायचं असतं. साताऱ्याला नोकरीला होते तेव्हापासनं. इथं चारला अंधार पडतोय, तर चारलाच उठतेत. रोज उठतेत. मीच धरून बसवते. आज पोळ्या लाटत होते.”

मीही मनातून भावाच्याच बाजूची होते. वर्णनाच्या साच्यात अशा गोष्टीला जागा नव्हती. रंग, बांधा, चेहरा, नाक, उंची, नेसणीस. पण काकींचा आवाज असा होता की मी लिहिलं. ‘त्यांना फक्त मराठी येतं. ते बस स्टॉपवर उभे असतील आणि वाईला जाणारी बस विचारत असतील.’ वाई हा शब्द इंग्रजीत लिहिल्यावर त्याचा उच्चार ‘व्हाय’ होतो हे माझ्या लक्षात आलं नाही. पोलिसांकडच्या बाईंनी भावाला फोन करून विचारलं म्हणे, “अ बस टु व्हाय?” त्याने पुन्हा स्पेलिंग सांगितलं. त्या रात्री त्याने किती स्पेलिंगं सांगितली कोण जाणे.

पुढचे दोन-अडीच तास मी इथे बसून होते. इतक्या लांबून काही करता येत नाही. भाऊ आणि त्याचे मित्र गाड्या घेऊन फिरत होते. अडचण अशी की लेस्टरमध्ये, त्यातही बेलग्रेव्ह रोडच्या बाजूला, मध्यम बांध्याचा, पांढऱ्या मिशीचा, सत्तरीतला एशियन माणूस म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस. 1972 साली इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर हजारो गुजराती कुटुंबं त्या शहरात आली. खरं तर तिथल्या नगरपालिकेने त्याच वर्षी युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं, तरीही आली. आज त्या रस्त्यावर साड्यांची आणि सोन्याची दुकानं आहेत, फरसाण आहे, गांधींचा पुतळा आहे. मी लिहिलेलं वर्णन घेऊन तिथे शोधायला निघणं म्हणजे मंडईत ‘कांद्यासारखा कांदा’ शोधणं.

पावणेआठला, म्हणजे आपल्याकडे सव्वा वाजता, तात्या सापडले. घरापासून अडीच मैलांवर, त्याच बेलग्रेव्ह रोडच्या एका बस स्टॉपवर. टोपी डोक्यावर नव्हती. पावसात भिजू नये म्हणून घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. कोटही मी लिहिलेला नव्हता. भावाचा जुना, निळा, जो भावालाही आठवला नव्हता.

तिथे एक गुजराती आजी भाजीची पिशवी घेऊन बसची वाट पाहत होत्या. तात्यांनी त्यांना विचारलं, “वाईची गाडी गेली का?” आजींना ‘गाडी’ आणि ‘गेली’ कळलं, वाई कळली नाही. त्यांनी गुजरातीत विचारलं, कुठली गाडी? तात्यांनी पुन्हा तेच विचारलं. आजींची बस आली, त्यांनी ती सोडली. मग दुसरी आली, तीही सोडली. मग नातवाला फोन लावला की इथे एक भाई आहेत, कसली तरी गाडी विचारताहेत, थंडीने कापताहेत. नातवाच्या फोनवर, चार-पाच ग्रुपांतून फिरत, माझा मजकूर तासाभरापूर्वीच येऊन पडला होता. त्याने बाकी काही वाचलं होतं की नाही देव जाणे. शेवटची ओळ त्याला आठवली. बस टु व्हाय.

भाऊ पोहोचला तेव्हा तात्या आणि आजी बाकावर शेजारी बसले होते, आजींची शाल तात्यांच्या खांद्यावर होती. तो मराठीत बोलायला लागला तसं तात्यांनी त्याला ओळखलं, पण मुलगा म्हणून नाही. “कंडक्टर का तुम्ही?” म्हणाले. तोही शहाणा. म्हणाला, हो, चला, गाडी लागलीय.

दुसऱ्या दिवशी एक महिला शिपाई घरी विचारपूस करायला आली, तिने त्यांना ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाच्या फॉर्मबद्दल सांगितलं. नॉर्मंडीत लढलेले जॉर्ज हर्बर्ट नावाचे सैनिक म्हातारपणी विस्मरणाच्या आजारात आपलं लहानपणचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले, त्यांच्यावरून त्याला हे नाव दिलेलं आहे. माणूस हरवण्याच्या आधीच घरच्यांनी भरून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी आठवत बसायला नको. भावाने त्याचे फोटो मला पाठवले आणि म्हणाला, आईचं मराठी तू इंग्रजीत कर.

फॉर्ममध्ये फोटोची जागा होती, उंची-बांध्याची होती. पण त्याहून जास्त जागा दुसऱ्याच गोष्टींना होती. आधी कुठे राहत होते, नोकरी कुठे होती, तिथे कसे जायचे, रोजचा क्रम काय, आवडीच्या जागा कोणत्या. म्हणजे काकी जे पोळीचं पीठ हाताला असताना बोलल्या, त्याच्यासाठी तिथे आखलेले रकाने होते.

रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तो भरायला बसलो. बांध्याच्या रकान्यात मी ‘मीडियम’ एवढंच लिहिलं, बिल्ट नाही, बिल्ड नाही. रंगाला मी काय लिहू म्हणून विचारलं तर काकी म्हणाल्या, “फोटो लावलाय ना? मग दिसतोय की.” मागे तात्या नातवाला काहीतरी सांगत होते, त्यांना आदल्या आठवड्यातलं काही आठवत नव्हतं. साताऱ्याच्या नोकरीचा रकाना आला तेव्हा काकी सरसावून बसल्या. कचेरी सुटायची पाचला, तिथून स्टँड चालत दहा मिनिटं, वाटेत चहा घ्यायचा नाही, कारण जागा मिळत नाही. मी लिहीत गेले. गाडीची वेळ मी ऐकण्यात चुकवली आणि साडेपाच लिहून मोठ्याने वाचलं.

“सव्वापाच,” काकी म्हणाल्या. “साडेपाचची महाबळेश्वर मेढ्यावरनं जाते. ती आपली नव्हं. खोड ते.”